आत्यानं गमावलेलं माहेर

आमच्या आत्याच्या तोंडून गोड शब्द ऐकला, असं शपथेवर सांगणारा माणूस नळदुर्गात सापडायचा नाही. एसटीच्या कंडक्टरशी ती चढताना सुट्ट्यावरून भांडायची आणि उतरताना थांब्यावरून. लोक तिला कज्जेदलाल म्हणायचे. मला विचाराल तर तिच्याइतकं माझं कुणीच केलं नाही, आणि ते सगळं तिनं तोंड वाजवतच केलं.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना मी ‘तो’ म्हणते, आजही. त्यानं फारकत दिल्यावर आई मला घेऊन तुळजापुरात भाड्याच्या खोलीत राहिली. कोर्टानं माझ्यासाठी पोटगी ठरवून दिली होती. तो दोन महिने द्यायचा आणि बंद करायचा. आई पुन्हा अर्ज करायची, वॉरंट निघायचं, मग जेलच्या भीतीनं आणखी दोन महिने मिळायचे. पोटगी थांबली की माझी शाळा थांबायची आणि मी आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे.

दर तारखेला आत्या नळदुर्गहून पहिल्या गाडीनं यायची आणि भावाच्या समोर भावजयीशेजारी बसायची. आईचे डोळे भरले की म्हणायची, “रडायचं तर घरी रड. हितं रडणाऱ्याला निस्ती पुढची तारीख मिळती.” मग माझं दप्तर उघडून वह्या चाळायची. तिला वाचता येत नव्हतं. ती फक्त कोरी पानं शोधायची. “मधीच रिकामं पान दिसलं तर बघ. लई भांडून आणलंय ते.”

पुढं आणखी एक साल कोरडं गेलं आणि त्यानं पोटगी कमी करून मागितली. विहीर आटली, जनावरं विकली, पोरीला द्यायला काही उरलं नाही, असं अर्जात लिहिलं. तो गावच्या दूध संस्थेचा चेअरमन होता आणि ह्या अर्जाच्या तारखेलाही परीटघडीच्या कपड्यात आला होता.

त्या दिवाळीत आत्या रीतीप्रमाणे भाऊबीजेला माहेरी गेली. ओवाळून झाल्यावर त्यानं ताटात नोट टाकली आणि संस्थेचा एक कागद पुढं केला. “आक्का, हितं अंगठा दे. म्हशीचं दूध तुझ्या नावानं घालतोय. त्याचा बोनस आलाय.” आक्का साऱ्या जगाशीच भांडते, तिचं काय मनावर घ्यायचं, असं त्याला वाटे. ओवाळणारी बहीण साक्षीला उभी राहील हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. “मालकाला दावून देते,” म्हणून तिनं कागद कमरेला खोचला आणि न जेवता निघाली.

तारखेला ती आपण होऊन पुढं झाली. कागद साहेबांसमोर ठेवून म्हणाली, “नाव माझं हाय, म्हशी ह्याच्या हायत. माझ्या दारात शेळीबी न्हाय.” साहेबांनी त्याचा अर्ज फेटाळला आणि थकलेली सगळी पोटगी भरायला लावली.

बाहेर लिंबाखाली तो म्हणाला, “आक्का, आजपासनं तुला म्हायेर न्हाय.”

“न्हाय तर न्हाय. पोरीची पोटगी भर.”

त्यानंतर पोटगी वेळेवर येऊ लागली. पुढच्या भाऊबीजेला आत्या आमच्या खोलीवर आली. संध्याकाळी तिनं अंगणात उभं राहून, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं चंद्राला ओवाळलं. त्या दिवशी ती कुणाशीच भांडली नाही. मला ते सहन होईना. त्याचा एवढा राग मला खडी फोडतानाही आला नव्हता.

ती गेली तेव्हा मी वाशीला शाळेत शिकवत होते. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात. घरात सगळे दाराकडं बघत होते. मी निघतानाच हिरवं लुगडं घेतलं होतं, ते तिच्या अंगावर घातलं.

मग तो आला. काखेत लुगडं होतं.

“म्हायेरचं आणलंय,” तो म्हणाला.

“माहेरचं घातलंय,” मी म्हणाले आणि उंबऱ्यातून हलले नाही. बाजूला हो, असं मला कुणी म्हणालं नाही, आत्याच्या मालकांनीसुद्धा नाही. तो लुगडं तसंच घेऊन परत गेला. मला त्याची कीव आली नाही. आत्या असती तर त्याला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकवत गेली असती. मला एवढंच जमलं.