दिघेबाईंची इटालियन डिश

चार बायका एकत्र जमल्या की किस्से होतातच. पण त्यात एक दिघेबाई असल्या की ते ठेवायला वेगळी कोठी लागते! पिंपरीच्या आमच्या महिला मंडळात मी जे भरतकाम शिकले ते केव्हाच विसरले. दिघेबाई मात्र अजून टाक्याटाक्यानं आठवतात. परवा भोपळ्याची भाजी चिरताना एकटीच हसत होते, तर सून म्हणाली, "आई, बरं वाटत नाही का?"

तर ऐका.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. पिंपरीला तेव्हा नुसता माळ. त्या माळावर कारखाना उभा राहत होता आणि यंत्रं इटलीहून येत होती. कॉलनीत क्वार्टर्स मोजक्या आणि मागणारे ढीगभर. कुणाला द्यायची ते वर्क्स मॅनेजर दिघेसाहेब ठरवत, आणि दिघेसाहेबांनी काय ठरवायचं ते दिघेबाई ठरवत. म्हणून मंडळात हजेरी भरपूर असायची!

आमचे हे लॅबोरेटरीत केमिस्ट. आम्ही चिंचवड गावात एका खोलीत राहत होतो. हे, मी आणि नगरकडच्या खेड्यातून आलेल्या माझ्या सासूबाई. भिंतीपलीकडे मालकांचा गोठा. म्हैस अंग घासायला लागली की आमच्या फळीवरचे डबे नाचायचे. मला क्वार्टर हवी होती. स्वतःचं स्वयंपाकघर हवं होतं, त्यात स्वतःचा नळ हवा होता. उगीच खोटं कशाला सांगू, त्या नळासाठी मी दिघेबाईंच्या समोर वर्षभर मान डोलावली.

बाईंचं बोलणं सुरू व्हायचं तेच मुळी "आम्ही ॲब्रॉड असताना" इथून. ॲब्रॉड म्हणजे एडन. तेसुद्धा भावजयीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या! पण तिथून येताना त्यांनी 'एटिकेट' नावाची एक वस्तू आणली होती, आणि ती त्या आम्हा सगळ्यांना उठताबसता वाटायच्या.

* * *

इटलीहून यंत्रांबरोबर एक फिटर आला होता. त्याची बायको म्हणजे आमची सिन्योरा. गोरीपान, हसरी, इंग्रजी आमच्याइतकंच मोडकं. त्यामुळे तिचं आमचं छान जमायचं.

दिघेबाईंनी जाहीर केलं, "सिन्योरा आपल्याला इटालियन डिश शिकवणार आहेत. मोठे इटालियन इंजिनियर येतील तेव्हा स्वागताला आपण तीच करायची."

डिशचं नाव आरंचिनी. मऊ शिजवलेल्या भाताचे गोळे, आत चीज, वरून पावाचा चुरा लावून तळायचे. दिवस भाद्रपदाचे, बाजारात भोपळेच भोपळे. तेव्हा सिन्योरा म्हणाली, भात भोपळ्यात शिजवू, आमच्याकडे या दिवसांत असाच करतात.

हॉलमध्ये टेबलावर हा एवढा भोपळा. सिन्योरानं सुरी दिघेबाईंच्या हातात दिली. बाईंनी ती शेजारी उभ्या असलेल्या नगरकरकाकूंकडे दिली. काकूंनी माझ्याकडे. मी पुढचीकडे. सुरी सगळ्या हॉलभर फिरून पुन्हा सिन्योराच्या हातात!

अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नसतो ना, तो थोरल्या मुलासारखा! आधी पुरुषानं सुरी लावायची, मग पुढचं आपण. आणि हॉलमध्ये पुरुष औषधालासुद्धा नाही.

सिन्योरानं विचारलं, "का? हा देव आहे?"

नगरकरकाकू मंडळातल्या सर्वांत सोवळ्या. त्या इंग्रजीत गंभीरपणे म्हणाल्या, "नो. एल्डर सन."

सिन्योरानं सुरी खाली ठेवली आणि छातीवर क्रूसाची खूण केली!

शेवटी दिघेबाईंनी ऑफिसात फोन केला. "अर्जंट. लगेच या." दिघेसाहेब मीटिंग टाकून, जीप घेऊन, धापा टाकत आले. त्यांना वाटलं कुणीतरी भाजलं. बाईंनी त्यांच्या हातात सुरी दिली. साहेबांनी टाय मागे टाकला, भोपळ्याचे दोन भाग केले आणि परत मीटिंगला गेले. एवढा मोठा कारखाना चालवणारा माणूस घरात कोणत्या पदावर होता ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

* * *

भात कोणता घ्यायचा? सिन्योरा म्हणाली, आखूड आणि चिकट. मी म्हटलं, "मग आपला मावळातला आंबेमोहोर आहे की!"

दिघेबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं काही मी कण्या आणते म्हणाले. "पाहुण्यांना आंबेमोहोर? बासमतीच पाहिजे. एटिकेट असतं काही."

"पण तो मोकळा होतो. गोळे फुटतील."

"तुम्ही कधी ॲब्रॉड गेला आहात का?"

मी नळ आठवला आणि बासमती निवडायला घेतला.

बासमती शिजला. शीत न् शीत मोकळं. बाईंनी गोळे केले, म्हणजे जे काही झालं त्याला त्या गोळे म्हणत होत्या. कढईत पहिला गोळा पडला आणि तेलभर भात पांगला. दुसरा पडला. तिसरा पडला. नगरकरकाकू झाऱ्यानं शितं गोळा करता करता म्हणाल्या, "छान! चिवडा फार छान झालाय!"

मी हसले. मीच एकटी नाही, सगळ्या हसल्या. पण बाईंनी मला तेवढं पाहिलं. त्याच आठवड्यात यांना ऑफिसात निरोप मिळाला की क्वार्टरचं 'बघू पुढच्या वेळी'.

घरी येऊन हे मलाच म्हणाले, "तुला हसायची काय गरज होती?" आमचे हे असे! साहेबांची जीप रस्त्यानं गेली तरी बसल्या जागेवरून उठायचे.

सासूबाई म्हणाल्या, "हसली तर काय झालं? दात काय त्यांनी दिल्यात व्हय?"

* * *

सिन्योराच्या भातात थोडी वाइन पडायची होती. तिनं ते अगदी सहज सांगितलं, आपण हिंगाचं सांगावं तसं. दारूबंदीचे दिवस! नगरकरकाकूंनी आधी उठून खिडक्या लावून घेतल्या.

दिघेबाई म्हणाल्या, "आमच्याकडे असलं काही नसतं हं!"

आणि दुसऱ्या दिवशी पदराखालून एक बाटली काढली. बाटलीवर खोकल्याच्या औषधाचं लेबल. सिन्योरानं बूच काढून वास घेतला आणि खूश होऊन टाळ्या वाजवल्या.

नगरकरकाकू बाटलीकडे बघत म्हणाल्या, "साहेबांचा खोकला बराच जुना दिसतोय!"

दिघेबाईंनी बाटली परत पदराखाली घेतली. त्या दिवसापासून आमची आरंचिनी निर्व्यसनी झाली.

* * *

मग एकेक वस्तू गळायलाच लागली. सिन्योरानं अंडं फोडलं तर नगरकरकाकू आणि त्यांच्यामागोमाग निम्मं मंडळ व्हरांड्यात. अंडं गेलं. देहूरोडच्या लष्करी छावणीतून कुणाच्या तरी ओळखीनं चीजचा डबा आला. तो उघडला आणि उरलेलं मंडळही व्हरांड्यात! चीजच्या जागी ओलं खोबरं आलं. पावाचा चुरा कुठल्या भट्टीतला, कुणी मळलेला, या चौकशीत पावही गेला.

एडन पाहिलेल्या दिघेबाई यातल्या एकाही गोष्टीला नाही म्हणाल्या नाहीत. कारण नगरकरसाहेब अकाउंट्सचे हेड होते, आणि तिथं एटिकेट वेगळं असतं.

बिचारी सिन्योरा प्रत्येक वेळी एवढंच विचारायची, "भोपळा आहे ना?" आम्ही म्हणायचो, आहे. "मग ओके!"

* * *

मोठे इंजिनियर यायचे ठरले ते नेमके नवरात्रात! मंडळातल्या बहुतेकींना नऊ दिवसांचा उपास. ज्या तळणार त्यांना भात चालत नाही, आणि ज्यांना भात चालतो त्यांना तळता येत नाही.

नगरकरकाकूंनी तोडगा काढला. "भगर घ्या. वरून राजगिऱ्याचं पीठ. मिरची, जिरं, दाण्याचं कूट घाला. म्हणजे आपल्यालाही खाता येईल."

मला वाटलं, आता तरी दिघेबाई काही बोलतील. इटलीचं एक अक्षर त्यात उरलं नव्हतं! बाई एवढंच म्हणाल्या, "आकार तोच ठेवा म्हणजे झालं."

करायचं कुणी? बोट माझ्याकडे. "तुम्ही घरून करून आणा. नाव वगैरे मी बघते." नाव त्यांनी बघितलंच! टेबलावर सुबक अक्षरात पाटी होती : 'आरंचिनी, इटालियन डिश. सौ. दिघे.'

त्या दिवशी सकाळपासून मी आणि सासूबाई भगर आणि भोपळा घोटत होतो. भगर कसली चिकटते! एक गोळा फुटला नाही. सासूबाईंनी एक मोडून पाहिला आणि विचारलं, "हे इटलीचं हाय?"

"हो म्हणायचं."

"मंग आपल्या गावाकडं समदी इटलीच हाय की!"

* * *

स्वागताच्या मांडवात मोठे इंजिनियर आले. देह भारदस्त, मिशा पांढऱ्या, आवाज भोंग्यासारखा. यंत्रं सुरू होईपर्यंत ते इथंच मुक्कामाला राहणार होते, त्यामुळे दिघेसाहेब त्यांच्या मागंपुढं नुसते फिरत होते. इंजिनियरांनी एक गोळा खाल्ला. थांबले. दुसरा खाल्ला. मग बशीच जवळ ओढली.

"व्हॉट इज धिस?"

दिघेबाई बनारसी शालू सावरत पुढं आल्या. "आरंचिनी, सर! इटालियन!"

इंजिनियरांनी हातातला अर्धा गोळा पाहिला, बाईंना पाहिलं, आणि असे हसले की टेबलावरचे पेले वाजले. "नो, नो, मॅडम! माझ्या आईनं ऐकलं तर मला घरात घेणार नाही! पण हे इंडियन जे काही आहे ते फार सुंदर आहे. कुणी केलं?"

दिघेबाईंनी फक्त पहिला अर्धा भाग ऐकला असावा. चेहरा लालबुंद. बोट सरळ माझ्यावर. "ह्यांनी! मी बजावलं होतं नीट करा म्हणून!"

सगळा मांडव माझ्याकडे बघतोय. यांनी तर डोळेच मिटून घेतले. आणि तो दांडगा माणूस उठून माझ्यासमोर आला, कमरेत वाकला आणि दिघेसाहेबांना म्हणाला, "उद्या सकाळी मला या बाईंचं स्वयंपाकघर बघायचंय."

माझ्या डोळ्यांसमोर म्हैस उभी राहिली. दिघेसाहेबांच्याही राहिली असणार, कारण ते घाईघाईनं म्हणाले, "ऑफ कोर्स, सर! या आमच्या कॉलनीतच राहतात!"

* * *

संध्याकाळी आमच्या दारात कंपनीचा ट्रक. बरोबर खुद्द दिघेसाहेब. "फक्त उद्यापुरतं हं," ते म्हणाले. "पाहुणे गेले की दुपारी परत इकडे."

हे लगेच वळकट्या बांधायला लागले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. कोपऱ्यात घट बसलेला, पुढं दिवा तेवत होता.

"घट बसलाय. दसऱ्यापातुर मी न्हाई हालायची, आन् माझी भांडीबी न्हाई हालायची."

साहेबांनी खूप विनवलं. सासूबाई दिव्यात तेल घालत राहिल्या. शेवटी यांना त्यांच्या सोबतीला ठेवलं, आणि मी एकटी, एक वळकटी आणि एक तांब्या घेऊन ट्रकमध्ये बसले. क्वार्टरचं कुलूप साहेबांनी स्वतःच्या हातानं उघडलं आणि किल्ली परत स्वतःच्या खिशात टाकली. मी नळ सोडून पाहिला. पाणी आलं. मी तो कितीतरी वेळ बंदच केला नाही.

सकाळी दार वाजलं. दारात दिघेबाई! दोन्ही हातांत पातेली, मागं गड्याच्या डोक्यावर शेगडी, तवा, डबे. मोकळं स्वयंपाकघर पाहुण्यांना कसं दाखवायचं? नवऱ्याची अब्रू होती ना पणाला! साधं जुनेर नेसून, केसांचा बुचडा बांधून बाई आल्या होत्या. पातेली त्यांनी माझ्या फळीवर मांडली. जन्मात माझी एवढी भांडी नव्हती.

शेगडी काही पेटेना. कोळसा सादळलेला. मी फुंकत होते तर बाई म्हणाल्या, "सरका, तुम्हाला नाही जमायचं!" डोक्यावरून पदर घेतला, दाराकडे पाठ करून बसल्या आणि पंख्यानं वारा घालायला लागल्या. स्वयंपाकघरात धूरच धूर.

तेवढ्यात मोटार आली. सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी! इंजिनियर सरळ आत, मागोमाग दिघेसाहेब. इंजिनियरांनी नळ पाहिला, फळीवरची लखलखीत भांडी पाहिली. मग धुरातली ती पाठ पाहिली. बाई वळल्या नाहीत. वळणार कशा? राखेनं माखलेलं तोंड घेऊन?

"युवर कुक?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. पण त्याआधी दिघेसाहेबच बोलले.

"येस, सर," ते म्हणाले. "कुक."

पंखा थांबला.

"गुड!" इंजिनियर म्हणाले. "मी दर रविवारी जेवायला येणार. इथंच. या दोघींच्या हातचं."

दिघेसाहेबांनी त्या पाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढं केला. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.