नाववाल्या बाईंचा अंदाज

नाववाल्या बाईंकडे नाव पारखून घ्यायला येणारा माणूस बहुतेक वेळा मनाशी सगळं ठरवूनच आलेला असायचा. इंटरनेटवर दुकानाचा पत्ता म्हणून जे नाव विकत घ्यावं लागतं, ज्याला धंद्यातले लोक डोमेन म्हणतात, ते त्याच्या मनात पक्कं बसलेलं असायचं. बाईंनी फक्त मान डोलवावी, एवढीच त्याची अपेक्षा. आणि नेमकं तेवढंच बाईंना जमत नसे.

इस्त्रीच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, एक संगणक आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी, एवढाच पसारा. गिऱ्हाईक बसलं की त्या नाव विचारत आणि तेच नाव खिडकीतून खाली इस्त्रीवाल्याला ओरडून सांगत, "हे जरा लक्षात ठेवा हो." मग चहा व्हायचा, इकडच्या तिकडच्या गोष्टी व्हायच्या. शेवटी गिऱ्हाइकाला घेऊन त्या जिना उतरत आणि इस्त्रीवाल्याला विचारत, "काय बरं नाव सांगितलं होतं?" त्याला आठवलं तर नाव पहिल्या परीक्षेत पास. नाही आठवलं तर गिऱ्हाईक इस्त्रीवाल्याच्या अकलेला दोष देऊन निघून जाई आणि आठवड्याभराने मुकाट्याने दुसरं नाव घेऊन येई.

दुसरी परीक्षा नावाच्या पूर्वायुष्याची. गाद्यांच्या एका व्यापाऱ्याला एक नाव अगदी जीव की प्राण झालं होतं. बाईंनी खणून पाहिलं, तर पूर्वी त्या नावाने कोणीतरी बनावट औषधं विकलेली. विकणारा पळाला, पण डाग नावाला चिकटून राहिला. त्या पत्त्यावरून पाठवलेली ईमेलची पत्रं अजून लोकांच्या कचऱ्यातच जाऊन पडत. "नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात ते हेच," बाईंनी त्याला सांगितलं. गादीवाला रडायच्या बेताला आला होता.

तिसरा प्रश्न सगळ्यात वाईट. "उद्या तुम्ही दुकान बंद केलंत, तर हे नाव तुमच्याकडून कोण घेईल?" कोणीच नाही असं उत्तर असेल तर बाई म्हणत, "हौसेला मोल नसतं. घ्या खुशाल. फक्त बायकोला गुंतवणूक म्हणून सांगू नका."

बाईंच्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणत आणि तरी जिना चढत, कारण बाईंचा अंदाज सहसा चुकत नसे. नातेवाइकांची कामं घ्यायची नाहीत, असा मात्र त्यांनी कानाला खडा लावला होता. तो नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तोही एकाच आठवड्यात दोन वेळा.

आधी दादा आला. बाईंचा हा थोरला भाऊ त्याच रस्त्यावर कुलपं दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, धाकट्याचं दुकान होतं. तो विजेवर चालणारी, बोटाच्या ठशाने उघडणारी कुलपं बसवायचा. पूर्वी दोन्ही मिळून एकच दुकान होतं, बाबांचं, आणि पाटीवर लिहिलेलं होतं 'खात्रीचं कुलूप'. बाबा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, धाकटा शिकून दुकानात आला तेव्हा, जुनी कुलपं की नवी, यावरून सुरू झालेली कुरबुर वाढत वाढत वाटणीपर्यंत गेली आणि चार वर्षं झाली, दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. बाबांच्या दुकानाचं ते नाव एकानेही पाटीवर घ्यायचं नाही, असं ठरलं, कारण दुसऱ्याला ते मिळालेलं कोणालाच सोसवलं नसतं. त्याच नावाचा इंटरनेटवरचा पत्ताही होता. वर्षाची फी भरायची वेळ आली तेव्हा दोघांनीही हाच विचार केला की फायदा त्याचा होणार असेल तर पैसे मी का भरू. पत्ता हातचा गेला. असली गळालेली नावं गोळा करणाऱ्या कुठल्याशा व्यापाऱ्याने तो उचलला आणि त्यावर एकच पान लावलं, 'हे नाव विक्रीला आहे.'

"ते परत घ्यावं म्हणतो," दादा खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाला. "घेण्यासारखं आहे का, ते तू सांग. आणि हे बघ, समोर कळता कामा नये."

"समोर कोण?"

"कळतंय तुला."

दोन दिवसांनी धाकटा आला. "ताई, बाबांचं नाव घ्यायचंय मला. किंमत जरा पाहून दे. पण दादाच्या कानावर जायला नको." बाईंनी दोघांना हो म्हटलं आणि दोघांचं गुपित पोटात ठेवलं. पोट दुखलं, पण ठेवलं.

नाव तपासायला घेतलं तर त्यात काही दम नव्हता. लांबलचक, कोणी शोधत नाही, धंद्याबाहेर कोणाच्या कामाचं नाही. दुसऱ्या कोणाचं असतं तर बाईंनी चहा उकळायच्या आत निकाल दिला असता. पण व्यापाऱ्याच्या त्या पानावर खाली एक आकडा दिसायचा, आज हे पान किती वेळा उघडलं गेलं त्याचा, आणि शेजारी कालचा. असल्या नावाचा तो आकडा शून्याच्या आसपास रेंगाळायला हवा होता. तो रोज थोडा थोडा चढत होता. त्यापाठोपाठ व्यापाऱ्याची किंमतही चढली.

बाईंनी धंद्यातला साधा हिशेब केला. आपल्याला न दिसलेलं मोल कोणाला तरी दिसलेलं आहे. त्यांनी दोन्ही भावांना वेगवेगळं गाठून सांगितलं, "बाहेरचं कोणीतरी टपून बसलंय. घ्यायचं तर वेळेवर घ्या." दोघे घाबरले. दोघांनी व्यापाऱ्याला परस्पर पैसे सांगून पाहिले, आणि त्याने दोन्ही वेळा किंमत वाढवली. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, ही म्हण बाई गिऱ्हाइकांना नेहमी ऐकवत. तेव्हा मात्र ती त्यांना आठवली नाही. त्या दिवसातून चार-पाच वेळा ते पान उघडून आकडा बघत आणि काळजी करत.

मग रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला. सगळी दुकानं दोन दिवस अंधारात, संगणक बंद. दुसऱ्या दिवशी बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसात गेल्या होत्या. तिथे बसल्या बसल्या त्यांनी पान उघडलं. आकडा होता एक. कालचा पाहिला, तो शून्य. आजचा एक म्हणजे त्या स्वतःच.

जगाला हवं असलेलं नाव आपल्या रस्त्यावरची वीज गेली म्हणून कसं थंड पडेल? बाई गिऱ्हाइकासमोर मोठ्याने हसल्या. आतापर्यंतची सगळी गर्दी म्हणजे तीन भावंडं होती. एक इस्त्रीवाल्याच्या वर, दोघं समोरासमोर, आणि तिघंही दुसऱ्या कोणी नाव नेलं नाही ना, एवढंच बघत बसलेली. वर्षानुवर्षं लोकांना शहाणपण शिकवलं आणि घरात स्वतःचीच सावली बघून चोर चोर केलं. बाईंना मनापासून लाज वाटली.

त्या दादाच्या दुकानात गेल्या तेव्हा तो कानशीने किल्ली घासत होता. त्यांनी खरं काय ते सांगितलं.

"तो पण बघतो?"

"रोज. बहुतेक दुकान बंद करायच्या वेळी. तुझ्यासारखंच."

दादाने किल्लीवरचा कीस फुंकला, किल्ली लावून पाहिली, परत काढली. "राहू दे मग," तो म्हणाला. "त्याला हवं असेल तर घेऊ दे. बाबा गेले तेव्हा तो केवढासा होता. त्याच्या वाट्याला बाबा कमीच आले. मी बोललो म्हणून सांगू नकोस."

धाकट्याने ऐकून घेतलं आणि तो शटरला टेकला. "दादा शाळा सोडून दुकानात बसला, म्हणून मी शिकलो," तो म्हणाला. "ते नाव त्याचंच आहे, ताई. त्याला घेऊ दे. पण माझं नाव मध्ये आणू नकोस."

बाईंनी पुन्हा दोन्हीकडे शब्द दिला. मनात मात्र त्या निर्धास्त होत्या. आता कोणी बघायला गेलं नाही की भाव आपोआप पडणार. तसंच झालं. किंमत उतरत उतरत गेली, आणि कंटाळलेल्या व्यापाऱ्याने एक दिवस नाव सोडूनच दिलं. आता ते कोणालाही नेहमीच्या किरकोळ फीमध्ये मिळणार होतं. बाईंनी दोघांना कळवलं. दोघेही म्हणाले, "बघतो."

त्या स्वतः घेऊ शकत होत्या. हात दोनदा तिकडे गेलाही. पण नाव आपल्याकडे आलं तर हे दोघे जन्मभर वेगवेगळ्या वेळी आपलाच जिना चढत राहणार, हे त्यांना दिसत होतं. आणि तिसरं कोणी येणार नव्हतं. एवढ्या बाबतीत त्यांना आपल्या अंदाजाची पक्की खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर नाव गेलेलं.

त्यांनी दादाला फोन केला. "घेतलंस एकदाचं."

"मी? नाही गं," दादा म्हणाला. मग आपणहून, "त्याने घेतलं असेल. चांगलं झालं. माझ्याकडून सांग त्याला."

"तुला तोंड आहे. तूच सांग," म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि धाकट्याला लावला.

"छे, मी कशाला घेईन?" धाकटा म्हणाला. "दादाने घेतलं ना? बरं वाटलं ऐकून. खरंच बरं वाटलं. त्याला सांगशील?"

म्हणजे तिसरं कोणी होतं. ज्या नावाला कोणी विचारत नाही असं त्यांनी छातीठोकपणे ठरवलं होतं, ते कोण कुठल्या परक्याने रातोरात नेलं होतं, आणि दोन भाऊ आपल्या रस्त्यावर एकमेकांसाठी खूश होऊन बसले होते. "तूच सांग," एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या.

हे निस्तरणं भाग होतं. आपणच वाट लावली, तर आपणच सांगायला हवं. त्यांनी मन घट्ट करून दादाचा नंबर लावला. फोन दुसऱ्या कॉलवर. धाकट्याचा लावला. तोही दुसऱ्या कॉलवर. सकाळची वेळ, कोणाचं तरी कुलूप अडकलं असेल, असं म्हणून त्यांनी चहा टाकला, तो प्यायला, कप विसळला आणि पुन्हा दोन्ही नंबर लावले. दोन्ही अजून बिझी होते.

बाई खिडकीशी गेल्या. इथून दोन्ही दुकानं दिसत. दादा कानाला फोन लावून दाराबाहेर येऊन उभा होता. पलीकडे धाकटाही बाहेर आलेला. रस्ता असा कितीसा रुंद, हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. पण दोघेही फोनवरच बोलत होते, एकमेकांकडे बघत. एव्हाना दोघांना कळलेलं असणार, की नाव दोघांकडेही नाही आणि का नाही.

बाईंनी हातातला फोन टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून खिडकीशी बसल्या.