माझ्या जागेवर आलेला माणूस

गाडीचे विंटर टायर काढून घ्यायला गॅरेजमध्ये गेलो होतो. एप्रिल संपत आला होता, बर्फ केव्हाच गेला होता, यंदा मीच उशीर केला होता. बाहेरच्या बाकड्यावर कॉफी घेऊन बसलो होतो आणि वंदनावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, "केव्हा?" त्या म्हणाल्या, "आत्ताच. अर्धा तास झाला असेल." मग पलीकडून कोणीतरी त्यांच्याशी इंग्रजीत बोलू लागलं आणि फोन बंद झाला. माझी गाडी वर चढवलेली, चारही चाकं काढलेली. निघायचं म्हटलं तरी निघता येईना. गॅरेजच्या पंजाबी मालकानं माझ्याकडं बघून विचारलं, "अंकल, सब ठीक?" मी म्हणालो, "दोस्त गुजर गया." त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. मला वाटत राहिलं, सुधाकर मेश्रामला मी दोस्त म्हणालो ते पहिल्यांदाच, आणि तेही एका अनोळखी माणसाजवळ...

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडं पेठापेठांत फुटबॉल चालतो, आणि मी माझ्या पेठेचा गोलकीपर होतो. इथं त्याला सॉकर म्हणतात, पण माझ्या तोंडात तो शब्द कधी बसला नाही. स्कारबरोतल्या एका कॉलेजात मला प्रयोगशाळा सांभाळायची नोकरी लागली, आणि दोन-तीन वर्षांत त्याच कॉलेजच्या मुलांच्या फुटबॉल संघाचा मी कोच झालो. जेमतेम मानधन होतं, पण जीव लागला होता. सुषमा, माझी बायको, आजारी पडली, गेली, मुलगा नोकरीसाठी व्हँकुव्हरला गेला, आणि मग संध्याकाळचे दोन तास मैदानावर काढणं एवढंच माझ्याकडं राहिलं. घरी कुणी नसलं की माणूस कामावरून सरळ घरी जायचं टाळतो. मला घर टाळायला मैदान होतं.

तिथंच सुधाकर भेटला. कुंपणापलीकडं थर्मास घेऊन उभा राहून तो आमची प्रॅक्टिस बघायचा. मला वाटायचं, कुणा मुलाचा बाप असेल. एकदा आमच्या डिफेन्समधल्या एका पोरानं बॉल थेट समोरच्याच्या पायात दिला आणि मी मराठीत ओरडलो, "अरे, डोळे काय घरी ठेवून आलास का?" कुंपणापलीकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. थोड्या वेळानं बॉल तिकडं गेला, तर त्या माणसानं ऑफिसच्या बुटांनिशी, डाव्या पायानं, तो बरोबर माझ्या हातात आणून टाकला. "नागपूर," तो म्हणाला. "कॉलेजच्या टीममध्ये लेफ्ट विंगला खेळायचो. मेश्राम." तो पाणीपुरवठ्याच्या खात्यात इंजिनिअर होता. बायको बँकेत. आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम असो की इथल्या लेकरांचे मराठीचे वर्ग, आमच्या मराठी माणसांच्या असोसिएशनच्या कुठल्याही कामात तो पुढं असायचा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, मला भाऊ म्हणायचा. त्यांच्या घरी मी किती वेळा जेवलो असेन, मोजदाद नाही.

प्रत्येक मॅचला तो यायचा, आणि मॅच संपली की मला काहीतरी सांगायचा. मला ते आवडायचं नाही. एकदा म्हणाला, "भाऊ, तू ओरडून राहिला, अन् पोरं तुझ्याकडे पाहून राहिले. बॉलकडे कोणीच नाही पाहून राहिलं." मी उडवून लावलं. मी ज्यांच्याकडं शिकलो ते असेच ओरडायचे. चुकलं की पळायला लावायचे, मीही लावायचो. माझ्या आठ वर्षांत आमचा संघ एकदाही पुढच्या फेरीत गेला नाही, आणि दरवर्षी मी म्हणायचो की यंदा पोरं चांगली मिळाली नाहीत.

आठव्या सीझननंतर क्रीडा विभागाच्या बाईंनी मला बोलावलं. फार सभ्यपणानं बोलल्या. मी संघासाठी जे केलं त्याबद्दल आभार मानले आणि पुढच्या वर्षी नवा कोच घ्यायचं ठरलंय, असं सांगितलं. मी घरी आलो आणि टीमचं जॅकेट अंगात घालूनच किचनमध्ये बसून राहिलो. जानेवारीत सुधाकर आला. बूटसुद्धा काढले नाहीत, दारातच उभं राहून म्हणाला, "भाऊ, त्या जागेसाठी मी अप्लाय केलं होतं. आज त्यांनी हो म्हटलं. तुला माझ्याच तोंडून कळावं म्हणून आलो." मी विचारलं, "अप्लाय कधी केलंस?" तो म्हणाला, "डिसेंबरमध्ये." डिसेंबरात मी दोनदा त्याच्या घरी जेवलो होतो. मी म्हणालो, "बरं, अभिनंदन," आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. वहिनींनी दिवाळीला डबा पाठवला, तो मी रिकामा करून, धुऊन, त्यांच्या दाराबाहेर ठेवून आलो. बेल वाजवली नाही. पण एकाच कॉलेजात असल्यामुळं बातम्या कानावर येत राहिल्या. कळलं, की पहिले दोन आठवडे नव्या कोचनं पोरांना मैदानावर नेलंच नाही. कॅफेटेरियात एकेकाला समोर बसवून विचारलं, तू काम कुठं करतोस, शिफ्ट कधी असते, जेवतोस कधी. आमच्या संघातली निम्मी पोरं बाहेरच्या देशांतून शिकायला आलेली, गोदामांत आणि कॉफीच्या दुकानांत राबणारी. आठ वर्षांत मी हे कुणाला विचारलं नव्हतं. प्रॅक्टिसला उशिरा आलेल्याला मी पळवायचो, एवढंच. सुधाकरनं प्रॅक्टिसच्या वेळा पोरांच्या शिफ्ट बघून बदलल्या. रोज सगळ्यांना बोलावण्याऐवजी छोटे गट केले आणि सगळ्यांची एकत्र प्रॅक्टिस रविवारी सकाळी ठेवली. हाफ टाइमला पहिली तीन मिनिटं तो स्वतः गप्प राहायचा. पोरांनीच एकमेकांना सांगायचं, काय दिसतंय. सांगलीचा तेजस नावाचा मुलगा होता, पायानं संथ म्हणून मी त्याला पूर्ण सीझन बेंचवर ठेवला होता. त्याला सुधाकरनं डिफेन्सच्या मधोमध उभा केला, कारण तो सतत बोलायचा आणि त्याला सगळं मैदान दिसायचं.

त्या पहिल्या वर्षी संघ माझ्या वेळेपेक्षाही वाईट हरला. मला आनंद झाला होता. हे लिहायला मला लाज वाटते, पण सुधाकरविषयी लिहायचं आणि हे गाळायचं, हे मला जमणार नाही.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात एका शनिवारी मी मैदानाच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावली आणि काचा वर करून आत बसून मॅच बघितली. तेजस हातवारे करत होता, पोरं त्याचं ऐकून जागा बदलत होती. सुधाकर पाण्याच्या कूलरवर बसलेला, हातावर हात ठेवून. मला वाटलं, हा काहीच करत नाहीये. मग हळूहळू लक्षात आलं, की करायचं ते त्यानं आधीच करून ठेवलंय. आमचा संघ जिंकला. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली, आणि तो उठून मैदानावरचे प्लास्टिकचे कोन गोळा करायला लागला. मी गाडी सुरू केली आणि निघून आलो. त्या दिवशी घर फार मोठं वाटलं.

त्याच हिवाळ्यात एका रविवारी सकाळी फावड्याच्या आवाजानं मला जाग आली. खिडकीतून बघितलं तर सुधाकर माझ्या दारापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होता. रात्री फूटभर बर्फ पडला होता. मी चहा ठेवला. किती वेळ नुसता उभा होतो, माहीत नाही. शेवटी दार उघडलं. तो फावड्यावर रेलून म्हणाला, "गोलकीपरला शिकवायला कोणी नाही, भाऊ. मले येत नाही ते. या सीझनमध्ये चार गोल असे खाल्ले, की तू असता तर नसते झाले." मी म्हणालो, "तुझा संघ आहे, तू बघ." तो म्हणाला, "पार्किंगमधून काय दिसते? जवळ येऊन पाहा." त्यानं माझी गाडी ओळखली होती. मी म्हणालो, "आत ये, चहा निवतोय." त्या दिवशी आम्ही फक्त गोलकीपरबद्दल बोललो, दुसऱ्या कशाबद्दलच नाही.

मी त्याचा मदतनीस झालो. सोपं गेलं नाही. ज्यूड नावाचा नायजेरियाचा उंच पोरगा गोलमध्ये होता; उंच बॉल आला की जागेवर खिळायचा, पुढं येतच नसे. पहिल्याच आठवड्यात मी त्याच्यावर ओरडलो. नंतर जाळ्या उचलताना सुधाकरनं विचारलं, "तू ओरडला, त्यातून तो काय शिकला?" मी तिरसटासारखा म्हणालो, "घाबरायला शिकला." "ते त्याला आधीच येते," सुधाकर म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी ज्यूडला बाजूला घेऊन विचारलं, की पुढं का येत नाहीस. तो बराच वेळ हातमोजे काढत-घालत राहिला. मग म्हणाला, "Last year I hurt my wrist, Coach. I didn't tell anyone." सांगितलं तर जागा जाईल, अशी त्याला भीती होती. मनगट बरं झालं होतं, भीती तेवढी राहिली होती. आम्ही दोघांनी महिनाभर हळू बॉलपासून सुरुवात केली. वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा एका पोराला काहीतरी शिकवलं, असं मला वाटलं.

त्या सीझनला आमचा संघ उपांत्य फेरीत गेला. तिथं पेनल्टीवर हरलो. ज्यूडनं दोन अडवल्या, तरी हरलो. परतीच्या बसमध्ये सुधाकर माझ्या शेजारी बसला होता, फार थकलेला दिसत होता. मला वाटलं, हरल्यामुळं असेल. डिसेंबरात कळलं, की त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि पसरलाय.

मार्चमध्ये त्याच्या घरी गेलो होतो, तीच आमची शेवटची निवांत भेट. त्याची मुलगी दार उघडून म्हणाली, "He's been waiting for you, Kaka." पलंग खालच्या मजल्यावर आणला होता. इनडोअर प्रॅक्टिसचं सगळं त्यानं विचारून घेतलं. मग जरा वेळ डोळे मिटून पडला. मला वाटलं, झोपला. डोळे न उघडताच तो म्हणाला, "भाऊ, अप्लाय करायच्या आधी मी तुला विचारलं असतं, तर तू काय म्हटलं असतं?" मी खरं ते सांगितलं, "नको म्हणालो असतो." "म्हणूनच नाही विचारलं," तो म्हणाला. "तुझ्याकडे दुसरं काही नव्हतं, माहीत होतं मले. पण पोरं हरून राहिले होते... अन् मलेही पाहिजे होतं ते. खोटं कशाला बोलू." त्यानं माफी मागितली नाही. मीही मागितली नाही. बराच वेळ मी त्याचा हात हातात धरून बसलो. हात गार होता. वहिनी चहा घेऊन आल्या आणि आम्हाला बघून तशाच परत गेल्या.

अंत्यविधीला असोसिएशनची माणसं पांढऱ्या कपड्यांत आली होती. त्रिशरण-पंचशील झालं. मागच्या रांगेत संघाची पोरं जॅकेटं घालून उभी होती. बसायचं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. तेजस आता नोकरी करतो, तो हॅमिल्टनहून आला होता. पुढं जाऊन त्यानं सगळ्यांना बसवलं. बोलायला मला सांगितलं होतं. मी दोन वाक्यं बोललो आणि जागेवर येऊन बसलो.

क्रीडा विभागाच्या बाईंनी मला विचारलं आणि मी हो म्हणालो. पुन्हा कोच झालोय. या महिन्यात पोरांच्या शिफ्ट लिहून घेतल्या. कमी ओरडतो. कधीकधी तरी ओरडतोच. पोरं चांगली आहेत. प्रॅक्टिस संपते, ती आपापल्या बसेस पकडायला निघून जातात आणि मैदानावर मी एकटा उरतो.

सुधाकरची एक सवय होती. पार्किंगमध्ये अर्धा तास बोलून निरोप घेतला, तरी मी घरी पोचून बूट काढतोय तोवर त्याचा फोन यायचा. "एक सांगायचं राहिलं, भाऊ," अशी सुरुवात. काहीतरी बारीकसारीक असायचं, कुणाचा पाय दुखतोय, कुणाची परीक्षा आहे. मी कंटाळायचो. गेल्या रविवारी आम्ही एक फ्रेंडली मॅच जिंकलो. घरी आलो, बूट काढले आणि फोन हातात घेऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. बऱ्याच वेळानं मीच त्याच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नाही, कधीच कळलं नाही. मी म्हणालो, "वहिनी, सहज केला. आज मॅच होती." पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "सांगा भाऊजी. मी बसले." मी त्यांना पहिल्या मिनिटापासून सगळी मॅच सांगितली.