चेहरा जुळला नाही

रांझीच्या आमच्या सरकारी शाळेत गणित शिकवणाऱ्या ताई माझ्याहून बऱ्याच मोठ्या. इथे हिंदी मुलखात स्टाफमध्ये आम्ही दोघीच मराठी, म्हणून त्यांच्याशी माझं घरच्यासारखं बोलणं व्हायचं. कॅन्सरचे उपचार आटोपून त्या परत आल्या, त्या सकाळी मी गेटवरच थांबले होते. डोक्याला सुती रुमाल, भुवया गेलेल्या, चेहरा सुजलेला. मुलींनी त्यांना लांबूनच ओळखलं. मोबाइलने ओळखलं नाही.

मधल्या काळात आमची हजेरी ॲपवर गेली होती. शाळेच्या आवारात उभं राहून मोबाइलसमोर चेहरा धरायचा. तो कार्यालयाच्या नोंदीतल्या जुन्या फोटोशी जुळला तरच हजर. ताईंनी चष्मा काढला, उजेडात जाऊन पाहिलं, शेवटी सगळ्यांसमोर रुमालही सोडला. उत्तर तेच, चेहरा जुळला नाही. मी दुसरीकडे पाहू लागले.

त्या दिवशी त्यांनी सगळे तास घेतले आणि गैरहजर राहिल्या. पुढेही तसंच. मुख्याध्यापक म्हणाले, "मैडम, मैं तो आपको देख रहा हूँ. पर मेरे देखने से कुछ नहीं होता."

नवा फोटो मंजूर करणं जिल्हा कार्यालयाच्या हातात होतं. शाळा सुटल्यावर मी ताईंना स्कूटरवर तिथे घेऊन गेले. तिथले साहेब उर्मट नव्हते. त्यांनी ताईंना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"पहले ग़ैरहाज़िरी का कारण लिखकर दीजिए," ते म्हणाले. "फ़ोटो उसके बाद."

"सर, मैं रोज़ आती हूँ."

"सिस्टम में तो नहीं आतीं."

जिना उतरताना ताई मध्येच थांबल्या. दम लागला होता. "मी आली होती, हे मलाच काहून पटवून द्यावं लागून राहिलं?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी म्हटलं, एक दिवस कोणीच ॲपवर हजेरी लावायची नाही, कागदावर सह्या करू. एकाची बदली अडकली होती, एकीची नोकरी पक्की व्हायची होती. तरी निम्मे तयार झाले. आम्ही सह्या केल्या, दिवसभर शिकवलं. लगेच आम्हा सगळ्यांना नोटिसा आल्या. उत्तरात मी एवढंच विचारलं, की मशीन चुकलं तर माणसाने कोणाला सांगायचं? त्याला उत्तर आलं नाही. आमच्या सेवापुस्तकात ताकीद मात्र चढली.

पुढे कधीतरी, काही न कळवता, ताईंचा नवा फोटो मंजूर झाला. मधले सगळे दिवस त्यांच्या रजेतून कापले गेले. त्याबद्दल त्या भांडल्या नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला.

"आता तर ओळखून राहिलं ना ते?" मी विचारलं.

"ओळखते. पण रोज सकाळी त्याच्यापुढे उभं राहिलं की छातीत धडधडते. दवाखान्यात रिपोर्टची वाट पाहताना नाही झालं असं."

त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. मी इतिहासाची; त्यांचे तास माझ्याकडे आले. बीजगणित मला फारसं येत नाही. रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्याला, त्यांच्या घरी जाते आणि पुढच्या आठवड्याचं समजून घेते. शिकवताना त्यांचा आवाज अजून चढतो, मग थकतात. मी वही मिटून चहा टाकते.