गॅरेजचा पोळा

माझे सासरे मला आजवर एकदाही रागावलेले नाहीत, आणि म्हणूनच मी त्यांना घाबरतो.

रागावणाऱ्या माणसाचं एक बरं असतं. तो रागावतो, आपण मान खाली घालतो, चहा येतो, विषय संपतो. मामाजी (आमच्या वऱ्हाडात सासऱ्याला मामाजी म्हणतात) नुसते बघतात. लग्नाच्या बैठकीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "गाडी चालवता येते का?" मी "येते" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून संपलेलं नाही.

मामाजी अकोल्याचे. जवळच काळ्या मातीची शेती. ट्रॅक्टर आला आणि बैल गेले, तेव्हा बैलांवरची सगळी माया त्यांनी आपल्या पांढऱ्या गाडीवर वळवली. गाडी रोज धुवायची, तिच्याशी बोलायचं, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी तिची खांदशेकणी करायची. एरवी बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात, वर्षभर त्यानं जू ओढलेलं असतं म्हणून. गाडीला खांदे कुठले? मामाजींनी विचार करून ठरवलं की पुढची दोन चाकं म्हणजे खांदे. तेव्हापासून चाकांना हळद आणि लोणी. वर बैलाला देतात तसं आमंत्रणही, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." (गाडी दुसऱ्या दिवशी जेवायची की नाही, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.)

सासूबाई वारल्या आणि मामाजी अकोल्यात एकटे पडले. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. माझ्या बायकोनं, वर्षानं, वडिलांना आमच्याकडे अमरावतीला आणायचा चंग बांधला. फोनवर रोज तोच संवाद.

"बाबा, या ना इकडं राहायले."

"लेकीच्या घरी राह्यते का कोणी? मले काय झालं हाय इथं?"

शेवटी वर्षानं डोकं चालवलं. "बाबा येणार नाहीत. पण गाडी आली तर तिच्या मागं मागं येतील. तिच्यासाठी चांगलं गॅरेज करा तुम्ही."

मी हो म्हणालो, आणि त्या क्षणापासून माझी झोप उडाली. मामाजी आले तर रोज समोर बसून बघणार. नाही आले तर वर्षा रोज संध्याकाळी फोन ठेवून खिडकीशी उभी राहणार, आणि ते मला मामाजींच्या बघण्यापेक्षाही जास्त असह्य होतं. म्हणजे दोन्हीकडून भीती. पण दुसरी भीती मोठी होती, म्हणून मी गॅरेजच्या मागे लागलो.

आमच्या गॅरेजमध्ये तोवर गाडी सोडून सगळं होतं. तुरीचं पोतं, मोडकी सायकल, आणि उन्हाळ्यात घर थंड करणारा आमचा हत्तीएवढा कूलर. दरवाजा म्हणून टिनाचा एक पत्रा होता. खाली नुसती माती. तिथं गॅरेज होणार ही बातमी मामाजींना कळली आणि त्यांचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला थेट फोन केला होता. मी उभा राहूनच घेतला.

"जवाईबापू, दरवाजा दोन पल्ल्यांचा घ्या. अन् फरशी खरबडी पायजे. जनावराचा पाय घसरला नाही पायजे."

"हो मामाजी."

इतकं सोपं होतं. दोन पल्ल्यांचं लोखंडी फाटक आणि खाली खरबरीत फरशी. पण मी फक्त मामाजींनाच घाबरतो असं कुठं आहे? मी दुकानदारांनाही घाबरतो.

"दोन पल्ल्यांचं फाटक?" बडनेरा रोडवरचा दुकानदार माझ्याकडे कीव येऊन बघू लागला. "साहेब, चोरानं पहारीचा एक दणका देल्ला का फाटक कंपाउंडात पडते. हे पाहा मोटरचं शटर. रिमोट दाबा, वर. रिमोट दाबा, खाली."

"पण सासरे म्हणाले..."

"सासऱ्यांची गाडी हाय का? मंग तर चोरी गेल्यावर तुमी काय सांगसान त्याईले?"

मी डोळे मिटून शटर घेतलं. चोरांची इतकी धास्ती बसली की गॅरेजमधून स्वयंपाकघरात जाणारं छोटं दारही मी विटा लावून बुजवून टाकलं. "हे काय करून राहिला?" आईनं विचारलं. "सुरक्षा," मी म्हणालो. आता गॅरेजमध्ये यायचा आणि जायचा एकच रस्ता उरला, तो म्हणजे शटर. चोर आलाच तर त्यानंही रिमोट आणावा, असा माझा हिशेब होता.

फरशी घ्यायला आई सोबत आली. तिला गॅरेजशी देणंघेणं नव्हतं, पण पाऊस आला की उन्हातल्या कुरडया आत आणून पसरायला स्वच्छ जागा तिला कधीची हवी होती. तिनं दुकानातल्या सगळ्यात चकचकीत टाइलवर हात फिरवला.

"हेच पायजे. पाय ठेवला का तोंड दिसलं पायजे."

"आई, मामाजींनी खरबडी सांगितली आहे."

"खरबडीवर कुरडया चिकटत नाहीत का? तू वाळवणार हायस का?"

भीतीचा एक साधा नियम आहे. जो जवळ उभा असेल त्याला आधी घाबरायचं. मामाजी अकोल्यात होते, आई कोपराशी होती. चकचकीत टाइल आली. बसवून झाल्यावर मी पहिल्यांदा आत गेलो, तेव्हा खाली बघितलं तर माझंच घाबरलेलं तोंड माझ्याकडे बघत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्षा अकोल्याला गेली आणि गाडी चालवत मामाजींना घेऊन आली. मामाजींनी कपड्यांची छोटीशीच पिशवी आणली होती. "पोळा झाला का मी मोकळा," त्यांनी उतरताच सांगितलं. "गाडी जमली इथं तर ठीक. नाही तर परत नेतो." वर्षानं माझ्याकडे बघितलं. तिचं सगळं त्या गॅरेजवर अडकलेलं होतं, हे मला स्वच्छ दिसलं.

तयारी जय्यत होती. तोरण तुटलं की त्याखालून बैल धावत सुटतात आणि पोळा फुटतो, म्हणून आईनं आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं लांबलचक तोरण केलं होतं. ते बांधायला चौकट हवी. शटरला कुठली चौकट? नव्या रंगावर खिळा ठोकायला मी घाबरलो. मग मीच शक्कल लढवली. शटर ज्या दोन लोखंडी पट्ट्यांतून खालीवर सरकतं, त्यांच्या वरच्या टोकांना तोरण तारेनं घट्ट बांधलं. शटर वर गुंडाळलेलं होतं. तोरण फार शोभून दिसत होतं.

अंगणात मामाजींनी खांदशेकणी केली. दोन्ही चाकांना हळद, आणि वर आईनं घरीच काढलेलं लोणी. चांगलं मूठभर चोळलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग आई तांब्या घेऊन व्याह्यांपुढं आली. "इवाईबुवा, दमलेलं जनावर घरात घेताना पाय धुवा लागतात." आणि तिनं लोण्याच्या चाकांवर तांब्याभर पाणी ओतलं.

मामाजींनी किल्ली माझ्यापुढे धरली. "घाला आत. मी बाजूले बसतो."

लग्नाच्या बैठकीतल्या त्या प्रश्नाचा आज निकाल होता. मी गाडी सुरू केली, देवाचं नाव घेतलं आणि हळूहळू आत निघालो. पुढची चाकं टाइलवर आली. मी ब्रेक दाबला. गाडीनं माझं म्हणणं ऐकलं, पण मानलं नाही. लोण्याची, पाण्याची आणि चकचकीत फरशीची अशी काही गट्टी जमली की गाडी ब्रेकसकट शांतपणे पुढं सरकत राहिली. समोर कूलर होता. मी डोळे मिटले.

आवाज झाला तो कूलरच्या पत्र्याचा. डोळे उघडले, तर गाडीचं नाक कूलरच्या वाळ्याच्या ताटीत अलगद रुतलं होतं. गाडीला ओरखडा नव्हता. कूलर मात्र चेपला होता.

मामाजींनी खाली फरशीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

आता माणसानं अशा वेळी काय करावं? माफी मागावी. मी घाबरून मुठी आवळल्या, आणि एका मुठीत सकाळपासून धरून ठेवलेला रिमोट होता. मागे शटर घरघरत खाली यायला लागलं. येताना त्यानं तोरण सोबत ओढलं. मी हडबडून दुसरं बटण दाबलं. शटर वर निघालं आणि तार, झेंडू, आंब्याची पानं सगळं गुंडाळीत घेऊन मध्येच कण्हलं. मी पुन्हा खालचं बटण दाबलं. शटर धाडकन खाली आलं आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर कायमचं थांबलं. आतला दिवा अजून बसवायचा होता. अंधार झाला.

बाजूच्या आरशात, वीतभर फटीतून आईची पावलं दिसली. "फुटला वाटते पोळा," ती म्हणाली. "आजच."

"तुम्ही बरे आहात ना?" वर्षाचा आवाज आला. "बाबा?"

"आमी बरे हाव," मामाजी म्हणाले. "पहार पाहा कोणाकडं."

त्या दोघी पहार शोधायला गेल्या. स्वयंपाकघराचं दार मी स्वतः बुजवलेलं. आम्ही दोघं गाडीत, अंधारात, शेजारी शेजारी. निदान आता ते माझ्याकडे बघू शकत नाहीत, एवढाच दिलासा होता. मी मनातल्या मनात अकोल्याला परत जाणारी गाडी आणि खिडकीशी उभी असलेली वर्षा बघत होतो. माझ्यामुळे. एका टाइलमुळे. मी रडायच्या बेतात होतो.

"जवाईबापू," मामाजी म्हणाले. "भेव लागून राहिलं का?"

"नाही मामाजी."

"मले लागते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कशाचं?"

"अकोल्याच्या घराचं." "तुमची सासू गेल्यापासून दिवेलागण झाली का ते घर मोठं होत जाते. साऱ्या खोल्यांचे लाइट लावतो अन् गाडीत जाऊन बसतो मी. वर्षाले सांगू नका."

इतकी वर्षं मी ज्या माणसाला घाबरत होतो, तो रोज संध्याकाळी घाबरून गाडीत बसत होता. घाबरण्याच्या बाबतीत मी जुना जाणकार. "इथंच राहा" एवढं म्हणायचं होतं. ते म्हणायला छाती लागते, ती माझ्याकडे नव्हती. म्हणून मी घाबरट माणसासारखं बोललो.

"मामाजी, हे शटर काही लवकर दुरुस्त होत नाही."

"काहून?"

"उद्या पोळा, परवा तान्हा पोळा. मग गणपती येतात. माणूस मिळत नाही."

"मंग गाडी अडकली म्हणा."

"अडकली."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही मामाजी."

अंधारात मामाजींनी मोठा श्वास सोडला. "बरं," ते म्हणाले. "गाडीले सोडून तर जाता येत नाही."

शेजाऱ्यांनी पहारीनं शटर थोडं उचललं. आम्ही पोटावर सरपटत बाहेर आलो, मामाजी आधी, मी मागून झेंडूच्या पाकळ्या घेऊन. वर्षा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. "शटर खराब झालं," मामाजी तिला म्हणाले, "मले थांबा लागते." ती पटकन आत गेली. डोळे पुसायला गेली असावी.

शटर गणपती बसायच्या आतच दुरुस्त झालं. ते मामाजींना कुणी सांगितलं नाही, आणि रोज सकाळी ते उघडून, गाडी धुऊन, आईच्या कुरडयांवरून जपून पाय टाकत जाणाऱ्या मामाजींनीही कधी विचारलं नाही. चकचकीत टाइलवर आता गोणपाट अंथरलेलं असतं. नवा कूलर अंगणात उभा आहे, आणि त्याच्या शेजारी माझी स्कूटर, पावसात.

यंदाच्या खांदशेकणीला मी मुद्दाम लांब उभा होतो. मामाजींनी गाडीची चाकं आटोपली, वाटीत थोडं लोणी उरलं होतं. त्यांनी मला बोटानं बोलावलं.

"सदऱ्याची बटनं सोडा."

"काहून मामाजी?" मी इतका घाबरलो की पहिल्यांदाच त्यांच्यापुढे त्यांच्यासारखं बोललो.

"गाडी तर वर्षभर उभीच हाय. ओझं तुमी वाहून राहिले."

त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांना हळद-लोणी चोळलं, हळूहळू, बैलाला चोळतात तसं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

माझंच घर, माझ्याच घरची पुरणपोळी. पण मामाजी बघत होते. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "येतो मामाजी."