पाठारे सर खोटं बोलत नसत

पाठारे सर डबा सूक्ष्मदर्शकाशेजारीच उघडत. एक डोळा भिंगाला लावून, चाचपडत पोळी तोडत. बोईसरच्या त्या कोंबडीखाद्याच्या कारखान्यात मी लागले, त्या दिवशी त्यांनी मला नावही विचारलं नाही. खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बघा. खातोय का सांगा."

काचेच्या बशीत केसाच्या तुकड्याएवढे गोलकृमी जिवाणूंचा थर खात होते. पारदर्शक अंगातून घशाची धडधड दिसे. कारखान्याला सेलेनियम घातलेलं खाद्य विकायचं होतं. कोंबड्यांना ते किती सोसेल याचा पहिला अंदाज सर या कृमींवरून घेत. सेलेनियम थोडं असलं की कृमी नेहमीसारखे खात. वाढवलं की घसा मंदावे, आणि ते अन्न सोडून कडेला जाऊन पडत. "कृमी खोटं बोलत नाही," सर म्हणत, "मीही बोलत नाही."

बशा धुवायला निर्मला होती, किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली. तिच्या नवऱ्याची होडी समुद्रातून परत आली नाही. काही दिवसांनी ती कामावर आली. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "ही बघा, जास्त सेलेनियमवाली." दोघं-तिघं हसले.

"घास उतरत नाय, सर."

"मग हात तरी चालू दे."

सेलेनियम घातलं की कृमी जास्त खातात असं सरांनी लिहून द्यावं, अशी मालकांची इच्छा होती. सर म्हणाले, "खात नाहीत." मालकांनी प्रयोगशाळाच बंद केली. सर, मी, निर्मला, सगळेच घरी बसलो. तरी मला सरांचा अभिमान वाटला.

दुसऱ्या एका कारखान्यात धुण्यापुसण्याच्या कामाला बाई हवी होती. तिथले साहेब सरांचे मित्र. मी निर्मलाला घेऊन पालघरला सरांच्या घरी गेले.

"एक शब्द टाका, सर," ती म्हणाली. "घरात पोरी हायेत."

"विचारलं तर खरं तेच सांगेन. तू हल्ली मंद झालीस. बशा फोडतेस."

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो!"

"काय अहो? फोडते की नाही, तिलाच विचार."

"फोडते," निर्मला म्हणाली आणि चपला घालून निघाली.

पुढे काही वर्षांनी सर वारले. मी बोईसरच्या बाजारात गेले, तर निर्मला सुकी मासळी घेऊन बसलेली. म्हटलं, "पाठारे सर गेले गं."

"कोन सर?"

मी सांगू लागले. तिने जवळ्याची टोपली गिऱ्हाइकापुढे सरकवली.

"घ्या ना ताई. वास बगा आदी."