ट्रकांचा पत्ता

आमच्या गावातल्या रस्ते दुरुस्तीच्या टोळीवर एक बाई मुकादम होती. नवरा गेला तेव्हा त्याच्या जागी नगरपालिकेने तिला खडी उचलायला घेतलं, आणि पुढे कामाच्या जोरावर तीच टोळी सांभाळू लागली. पायांत पुरुषी बूट, डोक्याला फडकं. रोलरची धडधड चालू असली तरी शेवटच्या बाईपर्यंत तिची शिवी शब्दन् शब्द पोचायची. नवे इंजिनियर आधी तिला घाबरायचे आणि मग साहेबांना.

मूलबाळ नव्हतं. होता तो धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यामुळे त्याला तिनेच वाढवला. तो गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या दगडखाणीत ट्रक चालवायला लागला, आणि होता होता तीन ट्रकांचा मालक झाला. ती कौतुकाने म्हणायची, "याला सायकलवरून उतरता येत नव्हतं. कुंपणाला धडकूनच थांबायचा."

खाणीचे ट्रक चढावरच्या एकाच रस्त्याने खाली येत. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला ओढा. भरलेल्या ट्रकांनी ओढ्याकडची कड खचत चालली होती. टोळी तिथे मुरूम टाकायची आणि आठवड्याभरात तो ओढ्यात जायचा. एकदा ती तावातावाने लेखापालाकडे गेली. "चढाला दगडी भिंत बांधल्याशिवाय भागायचं नाही. पैसे का नाहीत?"

लेखापाल भला माणूस. त्याने तिला समजावून सांगितलं. गाड्यांच्या नोंदणीचा पैसा राज्याच्या तिजोरीत जमा होतो आणि त्यातला काही हिस्सा रस्त्यांसाठी नगरपालिकांना परत मिळतो. पण वाटणी होते ती गाडीच्या कागदावरच्या पत्त्याप्रमाणे. ज्या गावचा पत्ता, त्या गावाला हिस्सा. गाडी कुणाचा रस्ता फोडते हे कुणी विचारत नाही.

"मग एवढे ट्रक आपलेच ना?"

"एकही नाही. सगळ्यांचे पत्ते शहरातले. मालक ट्रक शहरात विकत घेतात, तिथला दलाल तिथलाच पत्ता टाकून मोकळा होतो. आपल्याला हिस्सा येतो तो स्कूटरींचा."

ती तडक भावाच्या घरी गेली. तो जेवत होता.

"तुझे ट्रक कुठल्या पत्त्यावर आहेत रे?"

"सासऱ्यांच्या. का?"

"इथे राहतोस, इथे खातोस, आणि रस्त्याचा पैसा सासऱ्याच्या शहराला? बदलून घे."

"ताई, त्याला कचेरीच्या चार खेपा पडतात. तेवढे दिवस ट्रक उभे राहतात. माझ्या तीन ट्रकांनी तुझी भिंत होणार आहे का?"

"तू बदललेस तर बाकीच्यांना सांगायला मला तोंड राहील."

"बघू," तो म्हणाला. त्याच्या बायकोने ताट वाढायला घेतलं, पण ही थांबली नाही.

तो बघतच राहिला. पावसाळा उलटला आणि कड आणखी आत सरकली.

टोळीत चिमणी म्हणून एक बाई होती. दोघी एकाच दिवशी कामाला लागलेल्या. चिमणी हाडकुळी, तोंडाची टकळी अखंड चालू. त्या सकाळी ती कडेखाली उतरून गटार मोकळं करत होती. मुकादम वर वळणाशी लाल फडकं धरून उभी होती. धोक्याचे फलक तिने भांडारात दोनदा मागितले होते, नाहीत म्हणाले. भावाचा भरलेला ट्रक आला. ड्रायव्हरने फडकं बघितलं, वेग कमी केला, हात हलवला आणि ट्रक सावकाश कडेला घेतला. तेवढ्यात मागच्या चाकाखालची जमीन गेली. ट्रक तिरका झाला आणि सगळे दगड खाली गेले.

सगळ्यांनी हातांनी दगड उपसले. मुकादमची नखं निघाली. चिमणी सापडली तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं.

चौकशी लागली. साहेबांनी विचारलं, फलक का नव्हते? मागितल्याचा कागद तिच्याकडे नव्हता. भांडारवाल्याला काही आठवेना. मग ड्रायव्हरची जबानी झाली. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "फलक नव्हता. फडकंही कुणी दाखवलं नाही." शेजारी ट्रकमालक म्हणून भाऊ बसला होता. त्याने मान डोलावली.

बाहेर व्हरांड्यात तिने त्याला अडवलं. "ड्रायव्हरला काय शिकवलंस?"

"विमा अडकला असता गं. इशारा बघूनही ट्रक कडेला घातला असं ठरलं तर कंपनी एक पै देत नाही. तिन्ही ट्रक कर्जावर आहेत."

"आणि माझं काय?"

"तुला फार तर दुसऱ्या खात्यात टाकतील."

तिला कामावरून काढून टाकलं.

महिन्याभराने चिमणीचा नवरा तिच्या दारात आला. आत ये म्हटलं तर आला नाही.

"तू फडकं धरलं होतंस का? खरं सांग."

"धरलं होतं."

"मग तसं बोलली का नाहीस?"

"बोलले. लिहिणाऱ्याने लिहिलं नाही."

तो आला तसा परत फिरला. त्याला ते पटलं की नाही, तिला कधीच कळलं नाही. पुढे तो मुलीकडे राहायला गेला.

चिमणीच्या मरणाने गाव पेटलं. पत्त्यांची गोष्ट तोवर गावभर झाली होती; लोकांनी खाणीचा रस्ता अडवला. इथला पत्ता नसेल तर ट्रक सोडणार नाही म्हणाले. ट्रकमालकांनी मुकाट्याने पत्ते बदलले. त्यासाठी सगळ्यांत आधी तिचा भाऊच शहरात गेला. तिन्ही ट्रक त्याने एका दमात बदलून आणले. हिस्सा ताबडतोब वाढला नाही, कारण वाटणी मागच्या वर्षीच्या नोंदींवरून होते. त्याच्या पुढल्या वर्षी मात्र पैसा आला आणि भिंतीचं काम ठेकेदाराला मिळालं.

त्या ठेकेदाराकडे ती रोजंदारीवर लागली. भिंतीचे दगड तिने वाहिले. काम बघून ठेकेदार म्हणाला, "बाई, तुम्ही मुकादमी करा की." ती म्हणाली, "माझ्या हाताखाली माणसं नकोत," आणि पाटी उचलून चालू लागली.

भिंत चांगली झाली. अजून हललेली नाही.

आता तिचे गुडघे गेलेत. भाऊ दर रविवारी येतो, औषधं आणतो, उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसतो. ती त्याला चहा देते, पोरांची चौकशी करते, उन्हाचं बोलते. आत ये, असं मात्र ती म्हणत नाही, आणि तोही उठून आत जात नाही.